वस्तूचा नंबर, माणसाची जबाबदारी



या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. जळगावातले मेहरूण म्हटले की लोकांना तलाव आठवतो, बोरे आठवतात. पण लष्करी सामग्रीला यंत्राने वाचता येईल असा स्वतंत्र नंबर देण्याची चर्चा करायलाही याहून योग्य जागा नाही. आपल्या जिल्ह्यातच भुसावळचा आयुध कारखाना 1949 पासून आणि वरणगावचा 1964 पासून उभा आहे. वरणगावात काडतुसे तयार होतात. भुसावळात दारूगोळ्याचे धातूचे डबे, पेट्या आणि पिनाका रॉकेटचे पॉड बनतात. 1 ऑक्टोबर 2021 पासून वरणगाव म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे, तर भुसावळ यंत्र इंडिया लिमिटेडकडे आहे. कंपन्या दोन झाल्या, तरी काडतूस आणि पेटी शेवटी एकाच जवानाच्या हातात पोहोचतात. म्हणून दोघांच्या खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

खुणा करणे आपल्याला नवे नाही. 1869 साली सुरू झालेल्या खडकीच्या कारखान्याची ‘केएफ’ ही अक्षरे काडतुसाच्या बुडावर पिढ्यान्‌पिढ्या उमटत आली आहेत. पितळी बूड उजेडात धरले की कारखान्याची खूण दिसते, लष्करी काडतुसावर वर्षही दिसते. पेटीवर स्टेन्सिलने लॉट नंबर आणि नगांची संख्या लिहिलेली असते. 1959 च्या शस्त्र कायद्याने बंदुकीवरील ओळखखूण खोडणे वा बदलणे हा गुन्हा ठरवला, तोही खुणेवरून वस्तूचा माग लागावा याच विचाराने.

मात्र इथे दोन प्रकारच्या नंबरांत गल्लत होते. नाटोच्या संहितीकरण पद्धतीत साठ्याचा नंबर तेरा अंकी असतो. पहिले चार अंक वर्ग सांगतात; 30 मिलिमीटरपर्यंतच्या दारूगोळ्याचा वर्ग 1305. पुढचे दोन देशाचे, भारताचे 72. उरलेले सात त्या वस्तूचे. हा नंबर ‘कोणत्या प्रकारची वस्तू’ एवढेच सांगतो. एकाच प्रकारच्या हजार दुर्बिणींचा नंबर एकच असतो. त्यांतली कोणती दुर्बीण दोनदा दुरुस्तीला गेली आणि कोणती पाण्यात पडली होती, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक नगाचा स्वतंत्र, जगात दुसऱ्या कशालाही नसलेला नंबर लागतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 2003 साली हे धोरण स्वीकारले. पाच हजार डॉलर किंवा अधिक किमतीच्या वस्तूला, आणि किंमत कमी असली तरी महत्त्वाच्या वस्तूला, असा नंबर सक्तीचा केला. उत्पादकाची ओळख आणि अनुक्रमांक जोडून तो बनतो व यंत्राने वाचायच्या ‘डेटा मॅट्रिक्स’ या चौकोनी खुणेत कोरला जातो.

हा चौकोन नीट पाहा. त्याच्या लगतच्या दोन कडा सलग भरीव असतात. त्यांवरून कॅमेऱ्याला सरळ-उलटे कळते. समोरच्या दोन कडा एक आड एक भरलेल्या असतात. त्यांवरून घरांची संख्या मोजली जाते. आतल्या घरांत मजकुराबरोबर चूक-दुरुस्तीचे अंकही असतात. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी 1960 साली मांडलेल्या गणितामुळे चौकोनाचा काही भाग खरवडला, तेलाने माखला, तरी नंबर पूर्ण वाचता येतो. काही मिलिमीटरची जागा पुरते. लेझरने कोरा, ठिपक्यांच्या पंचाने ठोका किंवा पट्टी लावा. वस्तू असेपर्यंत खूण टिकली पाहिजे, एवढीच अट.

पण नुसती खूण कोरून भागत नाही. इराकचे उदाहरण घ्या. जुलै 2007 मध्ये अमेरिकेच्याच हिशेबतपासणी कार्यालयाने सांगितले की इराकी दलांना दिलेल्या सुमारे 1,10,000 एके-47 रायफली आणि 80,000 पिस्तुले यांचा हिशेब लागत नाही. बंदुकीवर नंबर असला, तरी ती कोणाला दिली याची नोंद नसेल तर नंबर मुका राहतो.

दुसरे उदाहरण ब्राझीलचे. तिथे 2003 च्या कायद्याने सरकारी दलांच्या काडतुसांवर लॉटची खूण सक्तीची झाली. 2018 साली रिओमध्ये नगरसेविका मारियेली फ्रँको यांची हत्या झाली, तेव्हा जागेवर सापडलेल्या रिकाम्या पुंगळ्यांवरून कळले की ही काडतुसे 2006 मध्ये केंद्रीय पोलिसांना विकलेल्या लॉटमधली आहेत. इथवर माग मिळाला. पण ती लॉट एका लॉटसाठी ठरलेल्या दहा हजार काडतुसांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी पट मोठी होती, आणि काडतुसे कोणत्या हातून निसटली ते नेमके सांगणे अवघड झाले. लॉट जितकी मोठी, तितकी जबाबदारी पातळ होते.

तिसरे उदाहरण आपल्या घरचे. 31 मे 2016 च्या पहाटे पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा डेपोत आग लागली आणि 19 जणांनी प्राण गमावले. रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत होते, हे पुढे समोर आले. खुणेने ती आग टळली असती, असा दावा मी करणार नाही. पण दोष कळलेला माल कोणत्या शेडमध्ये, कोणत्या थप्पीत, किती नग आहे, हे वह्या उलटून न शोधता ताबडतोब कळणे हा थप्पीजवळ काम करणाऱ्या माणसाचा हक्क आहे. या विषयाकडे मी एवढ्या आस्थेने पाहतो ते याच कारणाने.

आता शंकांकडे वळतो. खूण शत्रूला माहिती देईल, असे म्हटले जाते. म्हणून खुणेत फक्त नंबर असावा; बाकी सारे राखलेल्या नोंदवहीत. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या चिपा का नकोत, असेही विचारले जाते. गोदामात त्या सोयीच्या आहेत, पण विजेवर पेटणाऱ्या डिटोनेटरजवळ रेडिओ लहरी धोक्याच्या ठरू शकतात आणि रणांगणात संकेत पकडला जाऊ शकतो. कोरलेला चौकोन गप्प असतो. कॅमेरा समोर धरल्याशिवाय तो काही सांगत नाही.

लहान कारागिराला हे झेपेल का? याचे उत्तर आपल्या सराफ बाजारात आहे. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचा सोन्याचा दागिना सहा अक्षर-अंकी ओळखीशिवाय विकता येत नाही. जळगावच्या सुवर्णनगरीने ते आत्मसात केले. गिऱ्हाईक मोबाइलवर नंबर टाकून खात्री करते. अंगठीला जे जमले, ते सुरुंगाला जमलेच पाहिजे.

या परिषदेपुढे मी काही सूचना ठेवतो.

पहिली, नंबर धोक्याच्या प्रमाणात द्यावा. शस्त्र, दुर्बीण, सुरुंग, रॉकेट यांच्या प्रत्येक नगाला. काडतुसाच्या लहान लॉटला, आतल्या पाकिटाला आणि पेटीला.

दुसरी, खुणेची जागा ड्रॉइंगमध्येच ठरावी. पेटी तयार झाल्यावर जागा शोधली की खूण बिजागरीजवळ घासली जाते किंवा पुढच्या रंगाखाली गडप होते. रंग, फॉस्फेटचा थर आणि खाऱ्या फवाऱ्याची चाचणी यांनंतरही ती वाचून पाहावी. भुसावळच्या 45 अंशांच्या उन्हात डिंक सुटणारी पट्टी सियाचीनला पाठवू नये.

तिसरी, माल हात बदलेल तिथे प्रत्येक वेळी खूण वाचली जावी. कारखाना, डेपो आणि पलटण यांची नोंद एकाच पद्धतीची असावी.

चौथी, एमआयडीसीतल्या लहान पुरवठादारांसाठी लेझर खुणेची आणि खुणेची प्रत तपासण्याची सामाईक सोय जळगावात उभी राहावी. प्रत्येकाने यंत्र विकत घ्यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी यात पुढाकार घ्यावा.

पाचवी, कामाच्या सूचना मराठीत असाव्यात. मशीनवर उभ्या माणसाला खूण का करायची हे समजले, तर तो ती जीव लावून करील. नाहीतर ती फॉर्मवरची आणखी एक टिक होईल.

मित्रहो, शेवटी सांगायचे ते एवढेच. नंबर वस्तूवर पडतो, पण बांधून घेतो तो माणसाला: बनवणाऱ्याला, तपासणाऱ्याला, साठवणाऱ्याला आणि सही करून देणाऱ्याला. ज्याच्या हाती आपला माल जातो, तो सीमेवर उभा आहे; त्याला पेटी उघडून खात्री करायला वेळ नसतो. ती खात्री इथे, आपल्या हातांनी करून पाठवायची आहे. या सूचनांवर उद्याच्या सत्रात ठराव व्हावा आणि पुढच्या परिषदेत त्यातला किती भाग झाला याचा जाब अध्यक्षांनी सर्वांना विचारावा, अशी माझी विनंती आहे.

जय हिंद. जय महाराष्ट्र.