उन्हाळ्यातल्या दुधासाठी कार्तिकातले चार गुंठे



दसरा झाला, की आपल्या गुंजवण्यात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बायकांना उसंत नसते. खाचरातलं भात पिवळं पडायला लागतं, राजगडाच्या पायथ्याचं गवत कमरेला लागतं, खाली भोरच्या पूर्वेकडे सोयाबीन काढणीला आलेलं असतं. चहूकडे हिरवं असताना चाऱ्याची काळजी कोण करतं? पण वैशाखात म्हशीच्या पुढ्यात काय पडणार, हे याच दिवसांत ठरतं.

वैशाखात आपल्याकडे उरतो तो भाताचा पेंढा. पेंढ्यानं पोट भरतं, दूध येत नाही. दूध आटलं की किराणा अडतो, गटाचा हप्ता अडतो, आणि शेवटी भरात असलेलं जनावर पडत्या भावात बाजाराला जातं. ते टाळायचं, तर आत्ता काय करायचं ते बोलू.

पहिलं काम गवताचं. माळावरचं गवत पूर्ण वाळून बी झडेपर्यंत आपण थांबतो. तोवर त्याचा कस जातो, काड्या उरतात. गवत फुलोऱ्यात आलं आणि चार दिवस उघाड दिसली, की कापा. उलथंपालथं करून वाळवा, मगच रचा. ओलं रचलं तर आतून तापतं आणि बुरशी धरते. बुरशीचा चारा म्हशीला घालू नका. त्यातलं विष दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच पोरं पितात.

दुसरं काम सोयाबीनचं. पानं गळून जवळजवळ सगळ्या शेंगा तपकिरी झाल्या, की कापणी लांबवू नका. उशीर झाला तर शेंगा तडकतात, पाऊस लागला तर शेंगेतच कोंब येतात. कापलेलं पीक ओलं असताना ढीग घालू नका, ताडपत्री हाताशी ठेवा. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. सरकारी खरेदीत ओलावा 12 टक्क्यांच्या आत मागतात. पुढच्या वर्षीचं बी ठेवायचं असेल तर मळणी हलक्या हातानं करा, पोती उंचावरून आपटू नका, कारण सोयाबीनचं साल फार नाजूक. मळल्यावर उरलेला कोरडा भुसा पेंढ्यात मिसळून घालता येतो.

तिसरं काम सगळ्यांत मोठं, आणि तेच राहून जातं. भात निघाल्यावर, विहिरीचं किंवा नदीचं पाणी मिळत असेल, तर चार गुंठे खाचर चाऱ्याच्या मक्यासाठी ठेवा.

चारच का? हिशेब ऐका. 1 एप्रिल ते 15 जून म्हणजे साधारण 75 दिवस. रोज 15 किलो मुरघास धरला, तर एका म्हशीला 1,125 किलो लागतो. आफ्रिकन टॉल जातीचा मका नीट आला तर गुंठ्याला 400 किलोच्या वर हिरवा चारा देतो. चार गुंठ्यांत 1,600 किलो. नासधूस धरली तरी एका म्हशीचं भागतं. बी लागतं तीन किलो.

नोव्हेंबरच्या मध्याला, वाफसा येताच, शेणखत घालून फूटभर अंतराच्या ओळींत पेरा. पाणी साचू देऊ नका, मक्याला ते सोसत नाही. पोंग्यात भोकं दिसली तर लष्करी अळी समजा. अळ्या वेचा, 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. शेजारी एक गुंठा लसूणघास केला, बी पाव किलो, तर दोन महिन्यांनी पहिली कापणी मिळते आणि पुढे दर महिन्याला. पण कोवळा लसूणघास एकटा घालू नका, पोट फुगतं. पेंढ्यात मिसळूनच द्या.

फेब्रुवारीत कणसातले दाणे चिकात आले, की मका कापा. कडबाकुट्टीवर इंचभर तुकडे करा. मूठभर घेऊन दाबा. पाणी गळलं तर अर्धा दिवस सुकू द्या. गोळा होऊन हळूहळू सुटला तर बरोबर. प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या पिशवीत थर घाला, प्रत्येक थर पायानं तुडवा, हवा राहू देऊ नका, तोंड घट्ट बांधा. पिशव्या सावलीत, उंदरांपासून लांब ठेवा. दीड महिन्यानं आंबटगोड वासाचा, पिवळसर हिरवा मुरघास तयार होतो. काळा पडलेला, कुजका वास येणारा टाकून द्या. सुरुवातीला रोज चार-पाच किलोच द्या, तोही धार काढून झाल्यावर. 50 किलोची पिशवी तीन दिवसांत संपते, म्हणून एका म्हशीला लहान पिशव्याच बऱ्या.

पाणीच नसेल तर? भाताच्या अंगओलाव्यावर हरभरा, वाल, पावटा टाका. दाणा घरात येईल, भुसकट गोठ्यात. पेंढ्यापेक्षा ते किती तरी पौष्टिक.

मैत्रिणींनो, सातबारा कुणाच्याही नावावर असो, चाऱ्याचा भारा आपल्याच डोक्यावर असतो. म्हणून कुठल्या खाचरात काय पेरायचं हे घरात ठरत असेल, तेव्हा गप्प बसू नका. वरचा हिशेब मांडा आणि चार गुंठे मागा. गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी लिहून घ्या: किती घरी दुभती जनावरं आहेत, कुणाकडे पाणी आहे, आणि कडबाकुट्टी कुणाची वापरायची. बी एकत्र आणा, मुरघास भरायला एकमेकींकडे सावडीनं जा. एका दिवसात एका घरच्या पिशव्या भरून होतात.

हे सगळं दिवाळीच्या आधी ठरवा. दिवाळीनंतर खाचरं रिकामी होतात, आणि रिकाम्या खाचरातली ओल कुणासाठी थांबत नाही.