ढोलीतला खेकडा

खेकडा म्हटला की ओढा, बीळ नाहीतर समुद्रकिनारा डोळ्यांपुढे येतो. केरळच्या पश्चिम घाटातला एक छोटा खेकडा मात्र झाडांच्या ढोलीत, साठलेल्या पाण्यात राहतो.

स्थानिक काणी आदिवासींना तो ठाऊक होता. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती मांडली आणि तिला ‘काणी’ हेच नाव दिलं. पूर्ण नाव ‘काणी मरंजंडू’. मल्याळममध्ये मरंजंडू म्हणजे झाडखेकडा.

नांग्यांची एक जोडी, पायांच्या चार जोड्या, हे इतर खेकड्यांसारखंच. पण याचे चालायचे पाय विलक्षण लांब! पाठीचं टणक कवच, नराचं खाली दुमडलेलं पोट आणि जननावयव यांची घडणही वेगळी.

मोठे खेकडे मोठ्या झाडांत आढळले, तर पिल्लं लहान झाडांच्या ढोलींतही.