कॅसेट परत करायची राहिली

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. दहावी, मार्च १९९७ ची तुकडी.)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना इंजिनिअर, मोठी कंपनी असं बरंच काही सांगितलं. आपल्या तुकडीतल्यांना मात्र मी वेगळ्याच कारणानं आठवत असेन. भूमितीच्या तासाला गुणगुणते म्हणून मला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. ज्या सरांनी उभं केलं ते आज पहिल्या रांगेत बसलेत आणि हसतायत, म्हणजे त्यांनाही आठवतंय.

आयोजकांनी मला विषय दिला होता, ‘शाळेनं मला काय दिलं’. मी म्हटलं, शाळेत असताना मी एकीची वस्तू घेतली आणि परत केली नाही, त्यावर बोलले तर चालेल का? ते म्हणाले, बोल, पण दहा मिनिटांत आटप.

ती वस्तू म्हणजे एक कॅसेट. लकी अलीची ‘सुनोह’. मी त्याला एकेरीत म्हणणार आहे, राग मानू नका. तो आता साठीच्या पुढं आहे, पण लहानपणी ज्याला एकेरीत हाक मारली त्याला ‘अहो’ म्हणायला जीभ वळत नाही.

१९९६ साल आठवा. खर्ड्यात केबल काही मोजक्याच घरांत होती. आमच्या शेजारी होती, आणि त्यांच्या ओसरीत संध्याकाळी निम्मी गल्ली जमायची. तिथं मी ‘ओ सनम’ पहिल्यांदा पाहिलं. मागं पिरॅमिड, सगळीकडं वाळू, आणि एक सडपातळ माणूस थोड्या घोगऱ्या, थोड्या नाकातल्या आवाजात गातोय. तो आवाज सिनेमातल्या हिरोसारखा नव्हता. रात्री अंगणात बाज टाकून कुणी स्वतःशीच गावं तसा होता. वडील म्हणाले, “हा त्या महमूदचा पोरगा.” महमूद म्हणजे हसवणारा, एवढंच मला माहीत. त्याचा मुलगा असं उदास गातो, याचंच मला नवल वाटलं होतं.

माझ्या बाकावर जी बसायची तिचं नाव मी घेणार नाही. तिनंच सांगितलंय, “बोल सगळं, पण नाव घेऊ नकोस.” ती आज इथं आहे आणि तुम्हाला कुणालाही ओळखायला अर्धा मिनिट लागणार नाही. तिचा भाऊ तेव्हा पुण्याला कंपनीत कामाला होता. त्यानं दिवाळीला येताना ती कॅसेट आणली. त्यांच्या घरी टू-इन-वन होता, पण सेल संपलेले असायचे आणि लाईट नसायची. मग आमच्या घरी लाईट असली की आमच्याकडं, दोन्हीकडं नसली की नुसतंच तोंडानं. ए बाजू संपली की बी. रीळ गुंतलं की पेन्सिल घालून गुंडाळायचं. ते काम तिचं, कारण माझा हात धसमुसळा.

‘सनम’ म्हणजे काय हे आम्हाला माहीत नव्हतं. हिंदीच्या तासाला तिनंच धीर करून विचारलं. वर्ग फिदीफिदी हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, “मूळ अरबी शब्द आहे. अर्थ मूर्ती. शायरांनी तो पुढं प्रिय माणसाला लावला. परीक्षेत येणार नाही. खाली बसा.” सर, तुम्ही विसरला असाल. इतका सरळ अर्थ मला पुढं कुणी सांगितला नाही.

आणखी एक तास आठवतो. विज्ञानाच्या सरांनी आम्हाला किल्ल्यात नेलं होतं. ज्या खर्ड्याचं नाव ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळं इतिहासात आहे, तिथला निंबाळकरांचा किल्ला आम्हाला सरांमुळं प्रतिध्वनीसाठी लक्षात राहिला. त्यांनी तटापासून आम्हाला पावलं मोजत मागं नेलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आपला आवाज आपल्याला वेगळा परत ऐकू यायला किमान एक दशांश सेकंद मध्ये जावा लागतो. म्हणजे जाऊन-येऊन ३४ मीटर, म्हणून भिंत १७ मीटरवर हवी. हा हिशेब तिनं तिथंच, सर फळ्याशिवाय बोलत असताना, तोंडी करून सांगितला होता. मी तो तिच्या वहीतून उतरवून घेतला.

परीक्षेच्या आधी तिनं कॅसेट मला दिली. “पेपर झाले की दे,” म्हणाली.

पेपर मार्चमध्ये झाले आणि मे महिन्यात तिचं लग्न झालं. आपण सगळे जेवायला होतो. मीही होते. निकाल लागला तेव्हा ती सासरी होती. तिची गुणपत्रिका मी तिच्या आईकडं नेऊन दिली. गणितात १५० पैकी १३८. माझे तिच्यापेक्षा अकरा कमी होते. काकूंनी कागदाची घडी केली आणि डब्यात ठेवली. मी पुढं अकरावी सायन्सला गेले, मग इंजिनिअरिंगला. बॅगेत ती कॅसेट होती.

हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. काळ तसा होता असं आपण म्हणतो आणि ते खरंही असेल. पण त्या मांडवात आपण सगळे होतो आणि पोरगी हुशार आहे हे सगळ्यांना माहीत होतं. सोळा वर्षांची मी तर तिची सगळ्यात जवळची, आणि मी एवढंही विचारलं नाही की तुला पुढं शिकायचंय का. गुलाबजाम छान झालेत, असं म्हणाले होते. ते मला नीट आठवतं.

पुढची वर्षं भराभर गेली. २००० साली ‘कहो ना प्यार है’ आला, त्यात लकी अलीची दोन गाणी. होस्टेलच्या मेसमध्ये दिवसभर तीच. कॅसेटची सीडी झाली, सीडीची एमपीथ्री झाली. नोकरी लागल्यावर एकदा मोठ्या मैदानावर त्याचा कार्यक्रम ऐकायला गेले. तिकीट स्वस्तातलं, त्यामुळं उभी राहिले शंभरेक मीटर मागं. माणूस अंगठ्याएवढा दिसत होता, म्हणून सगळे बाजूच्या पडद्याकडं बघत होते. आणि पडद्यावर त्याचे ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. शंभर मीटरला पाऊण नाही, पाव सेकंदाहून थोडा जास्त उशीर. मला एकदम किल्ल्यातल्या टाळ्या आठवल्या. शेजारी सहकारी होते. त्यांना सांगावंसं वाटलं, पण ज्यांच्यापुढं ‘किल्ल्यातला तास’ एवढं म्हटलं की पुरेल, असं तिथं कुणी नव्हतं.

मग २०२० साल आलं. ते कसं गेलं हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, आपल्या तुकडीतल्याही घरांतली माणसं गेली. मार्चपासून मी घराच्या एका खोलीतून काम करत होते. डिसेंबरमध्ये निर्बंध सैल झाल्यावर आम्ही गोव्यात, पेडणे तालुक्यात हरमलला, महिनाभर खोली घेतली. काम तिथूनच. एका संध्याकाळी लॅपटॉप मिटून मुलीला घेऊन फिरायला निघाले, तर एका बागेसारख्या मोकळ्या जागेत लोक गोळा झालेले. आतून गिटार ऐकू आली आणि मागोमाग आवाज. मी मुलीचा हात सोडला. खरंच सोडला, ती अजून चिडवते.

लकी अली बसून गात होता. बासष्ट वर्षांचा. माझ्या आणि त्याच्या मध्ये पंधरा-वीस फूट. पडदा नाही. ओठ आणि आवाज एकाच वेळी. दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वास ऐकू येत होता. आवाजाची धार थोडी बोथट झाली होती, पण ओळख तीच, बाजेवर बसून स्वतःशी गाणाऱ्याची. ‘ओ सनम’ सुरू झालं आणि सगळेच गायला लागले. वीस-बावीस वर्षांची पोरं होती. हे गाणं आलं तेव्हा त्यातली कित्येक जन्मलीही नसतील, पण त्यांना ते पाठ होतं. मी मास्कमधून गात होते आणि मास्क ओला झाला होता. इतक्या जवळ इतकी माणसं, या भीतीनं मी कडेला उभी होते. ती भीती खरी होती, आणि तिथून पायही निघत नव्हता.

मी त्याच्यापाशी गेले नाही, फोटो मागितला नाही. मला तिथं एकच वाटत होतं. माझ्या डाव्या हाताला एक जागा रिकामी आहे. बाकावर ती डावीकडं बसायची.

मी एक मिनिटाची चित्रफीत घेतली. हलणारी, आणि निम्म्यात माझाच बेसूर आवाज. ती आपल्या तुकडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. त्या दिवसांत हरमलच्या त्या गाण्याच्या फिती सगळीकडं फिरत होत्या. अभिनेत्री नफिसा अली यांनी टाकलेली तर तुम्ही बहुतेकांनी पाहिली असेल. त्यामुळं माझी फीत पाहून दोघांनी लिहिलं, “जुना फॉरवर्ड आहे.” एकानं हात जोडले. एकानं गुड मॉर्निंग पाठवलं.

तिसऱ्या दिवशी एका नंबरवरून उत्तर आलं. नाव सेव्ह नव्हतं. फोटोच्या जागी एक वासरू. दोनच शब्द होते: “कॅसेट कुठंय?”

तेवीस वर्षांनी. मी मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद केला.

त्या रात्री आम्ही दोन तास बोललो. तिला पंधरवड्यापूर्वी आपल्यापैकीच कुणीतरी ग्रुपवर घेतलं होतं, आणि मी नवे नंबर कधी पाहिलेच नव्हते. तिनं सांगितलं, कॅसेट नसली तरी गाणी तिच्यापर्यंत आली होती. सासरी उसाच्या ट्रॅक्टरवर टेप वाजायचा. २००० साली नवीन सिनेमाचं गाणं लागलं तेव्हा ड्रायव्हरला गायकाचं नाव माहीत नव्हतं. हिनं बांधावरून ओरडून सांगितलं. आता ती दोन बचत गटांचे हिशेब बघते. बँकेतले साहेब आकडा चुकले की हिला फोन करतात. तिच्या मुलीनं बी.एस्सी. केलंय. मुलीच्या लग्नाची घाई सुरू झाली तेव्हा ती घरात एकच वाक्य बोलली होती: “माझी गुणपत्रिका अजून डब्यात आहे.”

मी तिला विचारलं, जे १९९७ साली विचारायचं होतं ते. तुला शिकायचं होतं का? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तेव्हा विचारलं असतंस तरी लग्न झालंच असतं. पण विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं.”

मैत्रिणींनो, मित्रांनो, मला शाळेनं काय दिलं याचं माझ्याकडं दुसरं उत्तर नाही. मला प्रश्न कळत होता आणि मी तो विचारला नाही, हे शाळेतल्याच माणसानं मला एवढ्या प्रेमानं सांगितलं. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरात सोळा-सतरा वर्षांच्या मुली आहेत. गुरुजन अजून गावात आहेत, त्यांचा शब्द आजही चालतो. विचारायला पैसे पडत नाहीत.

कॅसेट मी आणली आहे. ही बघा. रिळाला बुरशी लागली आहे, वाजणार नाही. मी फोनवर तिला म्हटलं, नवीन काहीतरी आणते, गाणी भरून पेनड्राईव्ह आणते. ती म्हणाली, “गाणी मोबाईलवर आहेत बाई. माझी कॅसेट आण.”

तर कार्यक्रमानंतर ती तिच्या हातात द्यायची आहे. आणि एक विनंती. रात्री जेवणं झाल्यावर लाऊडस्पीकर बंद करून आपण आपल्या जुन्या वर्गात बसू. एकमेकांचा श्वास ऐकू येईल इतकं जवळ. ज्याला जे येतं ते त्यानं गावं. भूमितीच्या सरांनी आज कुणाला बाहेर काढू नये.

दहा मिनिटांच्या वर झालं, क्षमा असावी.