हृदयाची गोळी आणि फुफ्फुसांतले रक्त



"औषधांविषयी बोला, पण कंटाळवाणे नको," अशी अट चिटणीसबाईंनी मला घातली आहे. म्हणून एवढेच सांगते की, हृदयाची गोळी हृदयापुरतीच काम करते ही आपली समजूत बरोबर नाही. ज्या घरात वर्षानुवर्षे खोकणारे, धाप लागणारे माणूस आहे, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, त्या घरी तर हे माहीत असलेच पाहिजे.

फुफ्फुसांत हवेच्या कोट्यवधी चिमुकल्या पिशव्या असतात. या विकारात त्यांतल्या कित्येकींत हवा नीट पोचत नाही. तिकडे रक्त पाठविणे म्हणजे कोरड्या नळाखाली घागर लावणे! म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात व रक्त चांगल्या भागाकडे वळते. स्वीडनच्या फॉन ऑयलर व लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ साली मांजरांवरील प्रयोगांत हे दाखविले. काटकसरी गृहिणीची आठवण व्हावी असा हा कारभार. पण त्याची किंमतही पडते. पुष्कळ वाहिन्या आवळल्या की हृदयाच्या उजव्या बाजूला फार जोर लावावा लागतो. ती थकते आणि पायांवर सूज येते.

दिल्लीच्या डॉ. पद्मावती यांनी अशा १२७ रोग्यांचा अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध केला. त्यांत बायकाही होत्या. बायकांच्या बाबतीत चुलीचा धूर विसरून चालत नाही.

आता रक्तदाबाची निफेडिपिन किंवा छातीतल्या कळेवरची नायट्रोग्लिसरीन घ्या. ती वाहिन्या सैल करते, फुफ्फुसांतला दाब उतरतो. परंतु हवा नसलेल्या पिशव्यांकडचा रस्ताही त्याच वेळी मोकळा होतो. रक्त तिथून प्राणवायू न घेताच परतते. दाब उतरला तरी रक्तातला प्राणवायू कमी होऊ शकतो, तो असा. प्रोप्रॅनोलॉलची तऱ्हा निराळी. ती श्वासनळ्याच आवळू शकते. बायसोप्रोलॉलसारख्या निवडक गोळ्या सीओपीडीत बहुधा सोसतात. डिगॉक्सिनचा नुसत्या उजव्या बाजूच्या थकव्यावर फारसा उपयोग नाही. नाडी अनियमित असेल किंवा डावी बाजू दुबळी असेल, तर गोष्ट वेगळी.

प्राणवायू मात्र वाहिन्या सैल करतो आणि रक्तालाही उपाशी ठेवीत नाही. रक्तातला प्राणवायू फारच कमी असलेल्यांना तो रोज निदान १५ तास दिल्यास आयुष्य वाढते, असे १९८१ साली ब्रिटनमधील चाचणीत दिसले. पण त्याची चावी आपल्या मनाने वाढवू नये, रोगी गुंगीत जाऊ शकतो. आणि देवापुढचे निरांजन सिलिंडरपासून लांब ठेवा!

हे ऐकून घरी जाऊन कोणाची गोळी बंद करू नका. काही गोळ्या एकाएकी थांबविल्या तर हृदयालाच धक्का बसतो. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून हृदयाच्या आणि छातीच्या, दोन्ही डॉक्टरांपुढे ओता. एकाला दुसऱ्याची चिठ्ठी ठाऊक नसते, हे मी नेहमी पाहते.

चहा येईपर्यंत कोणाला काही विचारायचे असेल तर जरूर विचारा.