बाप्तिस्म्यानंतरचे प्रश्न

१८८२ मध्ये पतीच्या निधनाने सिल्चरचा परमुलखातला संसार संपला, तेव्हा पंडिता रमाबाई अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. आईवडील दुष्काळात गेलेले, पाठोपाठ भाऊही गेलेला. कडेवर तान्ही मनोरमा. पुढल्याच वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुष्कळजण त्यांची कथा येथेच संपवितात. हा त्यांच्यावर अन्यायच होय. त्यांचे प्रश्न संपले नव्हते. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून निर्भयपणे वाद घालीत राहिल्या. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. आपणांस ख्रिस्ताचा धर्म लाभला, ख्रिस्त मात्र नव्हे, हे त्यांना उमगावयास सुमारे आठ वर्षे लागली. त्याआधीच, १८८९ मध्ये, मुंबईत त्यांचे शारदासदन सुरू झाले होते.