श्रद्धेतला ओलावा



ख्रिस्ती श्रद्धेत भावनेचे स्थान काय, हा विषय एका युनियनवाल्याकडे कसा आला, असे आपल्याला वाटेल. धर्मशास्त्र मी शिकलेलो नाही. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर. पण माणसे भारावतात कशी आणि भारावल्यावर टिकतात किती, एवढा अभ्यास तीस वर्षे गेटसभांतून झाला आहे.

रॉयल वाइल्डर १८५२ साली आपल्या कोल्हापुरात आले, तेव्हापासून या गावाला ख्रिस्ती उपासना नवी नाही. तरी मी दाखला घेणार तो केडगावच्या पंडिता रमाबाईंचा. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. बुद्धीला पटले होते. तरी पुढे त्यांनीच लिहून ठेवले की, त्या वेळी धर्म हाती लागला होता, ख्रिस्त नव्हे. त्याला आणखी आठ वर्षे जावी लागली. पावती फाडलेला सभासद आणि युनियनचा माणूस यांत आम्ही हेच अंतर पाहतो.

मग आले १९०५ साल. मुक्ती सदनात मुली प्रार्थनेला बसल्या की रडू लागत, मोठमोठ्याने पापे कबूल करीत. शहाण्यांनी, आणि त्यांत ख्रिस्तीही होते, याला नुसता उन्माद ठरवले. तो आक्षेप मी सगळाच टाकून देत नाही. घोषणांनी मैदान दणाणून सोडणारे वर्गणीच्या दिवशी दिसत नाहीत, हे पुष्कळदा पाहिले आहे. पण त्या मुली होत्या कोण? कित्येक दुष्काळातून वाचलेल्या, कित्येक बालविधवा. ज्यांना घरात हुंदकाही मोठ्याने देता आला नव्हता, त्यांचे रडणे आरामखुर्चीत बसून कसे मापायचे? शिवाय डोळे पुसून त्या पुन्हा शेतावर, मागावर, छापखान्यात जात होत्या.

आणि त्या रडण्याला मोकळीक देणाऱ्या रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर करीत बसल्या. कारण प्रचलित मराठी बायबल साध्या बायकांना कळत नव्हते! १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलात रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. ते छापले सदनातल्याच बायकांनी.