दारावरची थाप आणि बाबासाहेबांचे संविधान

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला धम्मावर बोलावं असा रिवाज आहे. समितीने विषयाची मोकळीक दिली, म्हणून आम्ही आज वेगळा विषय घेतला आहे. पोलीस माणसाला धरायला घरी येतात तेव्हा किती बळ वापरतात, आणि कायद्याने किती वापरायला हवं, हा तो विषय. कुणी म्हणेल, विहारात हे कशाला? पण ज्या वस्तीत विहार असतो त्याच वस्तीत रात्रीची थापही पडते. आम्ही वकील नाही. गिरणीत साचा चालवलेली माणसं. जे वाचलं ते रात्रपाळी सांभाळून, विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून वाचलं. तेच साध्या शब्दांत मांडतो.

परभणीपासून सुरुवात करू. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला. त्या बंदमध्ये दगडफेक झाली, जाळपोळ झाली. ती झाली हे आम्ही लपवत नाही. ज्यांनी केली त्यांच्यावर खटला चालवायला कुणाची हरकत नव्हती. पण मग सुरू झालं ते ‘कोम्बिंग ऑपरेशन’. शब्दच बघा, कोम्बिंग म्हणजे विंचरणं. केसातली ऊ शोधावी तशी वस्ती विंचरायची! आपल्या वस्त्यांमधून पोलीस घराघरात शिरले, तरुणांना ओढून नेलं, बायकांना मारहाण झाल्याच्या तक्रारी झाल्या. रस्त्यावर उभ्या गाड्या पोलीस फोडत आहेत, अशा चित्रफिती लोकांनी काढल्या आणि साऱ्या महाराष्ट्राने त्या पाहिल्या. पन्नासच्या आसपास माणसं धरली गेली.

त्यात सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजातला, पस्तीस वर्षांचा, कायद्याचा विद्यार्थी. कायदा शिकायला परभणीत राहिलेला हा मुलगा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आलं. त्याच महिन्यात विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की कोठडीत मारहाण झाली नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने मात्र पोलिसांकडेच बोट दाखवलं. त्याच्या आईने हार मानली नाही. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवा असा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलै २०२५ रोजी तिथेही सरकारचं म्हणणं फेटाळलं गेलं. हिशोब करा. मुलगा गेल्यावर साधा गुन्हा नोंदवायचा की नाही एवढं ठरायला साडेसात महिने गेले. शिक्षा तर पुढेच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम ४६ एका ओळीचं आहे. अटक केलेला माणूस पळू नये म्हणून जेवढं लागेल त्यापेक्षा जास्त बंधन त्याच्यावर घालायचं नाही, हा त्याचा अर्थ. जुन्या कायद्यात हेच कलम ४९ होतं. कलम ४३ सांगतं की माणसाने जोर करून विरोध केला किंवा अटक चुकवायचा प्रयत्न केला तरच जोर वापरायचा, आणि तोही लागेल तेवढाच. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. कलम ४४ प्रमाणे दार तोडता येतं, पण कधी? आपण कोण, कशासाठी आलो हे सांगून, दार उघडायला सांगूनही उघडलं नाही तर. म्हणजे आधी तोंड, मग हात. आमच्या वस्त्यांत हा क्रम उलटा होतो, सारं दुखणं तिथे आहे.

मित्रहो, हा कायदा आभाळातून पडलेला नाही. संविधानाच्या कलम २१ मधून योग्य कायदेशीर प्रक्रियेची हमी मसुद्यातून गळली, तेव्हा बाबासाहेब स्वस्थ बसले नाहीत. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी घटना समितीत एक नवं कलम मांडलं. गेलेल्याची काही तरी भरपाई व्हावी, हा हेतू त्यांनी स्वतः सांगितला. तेच आजचं कलम २२. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करा. पुढे १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात पोलिसांसाठी अकरा नियम घालून दिले. नावाची पट्टी छातीवर हवी, अटकेचा कागद जागेवर करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची, नातेवाइकांना कळवायचं. हे नियम आता कायद्यातच आले आहेत.

कुणी म्हणतं, ‘गुन्हेगाराला काय फुलं द्यायची?’ त्यांना आम्ही अंगुलिमालाची कथा सांगतो. बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ती घेतली आहे. अंगुलिमाल हा काही संशयित नव्हता. खून करून बोटांची माळ घालणारा खराखुरा खुनी होता. त्याला धरायला कोसलचा राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन निघाला. वाटेत भगवंतांकडे थांबला. भगवंतांनी शेजारी बसलेला भिक्खू दाखवला, हाच तो. राजा थरथरला. मग त्यानेच कबूल केलं की आम्हाला दंडाने, शस्त्राने जे जमलं नाही ते तुम्ही दंड न उचलता केलं. आता पोलिसांनी दारोदार प्रवचन द्यावं असं आमचं म्हणणं नाही. गुन्हेगाराला धरणं हे राज्याचं कामच आहे. पण किती घोडे न्यायचे हे समोरच्या माणसाकडे पाहून ठरवा, आपल्या रागाकडे पाहून नको. कायद्याचं कलम ४६ दुसरं काय सांगतं?

गिरण्या बंद पडत होत्या त्या काळातली गोष्ट. गेटवरच्या धरण्याच्या एका प्रकरणात आमच्या चाळीतल्या एका कामगाराला धरायला रात्री दोनला दहा-बारा पोलीस आले. दाराची कडी तुटली, सकाळसाठी झाकून ठेवलेला भात लाथेने सांडला, म्हातारीला बाजूला ढकललं. तो माणूस रोज सकाळी सातला गिरणीच्या गेटवर असायचा. तिथे एक हवालदार पाठवला असता तरी गपगुमान चालत गेला असता! पुढे कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. कोर्टाने सोडलं, चाळीने नाही सोडलं. ‘काही तरी केलं असेल, त्याशिवाय एवढे पोलीस येतात का?’ हे वाक्य त्याच्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीपर्यंत पोचलं. सांगायचा मुद्दा हा, की घरावर जास्त फौज पाठवली की निकाल लागण्याआधीच शिक्षा होते, आणि ती सगळ्या घराला होते.

आपल्याला दूर जायला नको. तळोजा कारागृह आपल्या शेजारी आहे. आनंद तेलतुंबडे यांच्या गोव्याच्या घरी २८ ऑगस्ट २०१८ रोजी पोलीस शिरले, घरात कुणी नसताना, पहारेकऱ्याकडची किल्ली घेऊन. ते १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, स्वतःहून हजर झाले. अडीच वर्षांहून जास्त कोठडीत काढून २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनी, तळोजातून जामिनावर बाहेर आले. या दोन तारखा आपण विसरू नयेत.

आता थोडं कडू बोलतो, राग मानू नका. याच तळोजा कारागृहातून २३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूर प्रकरणातल्या आरोपीला पोलिसांनी गाडीतून नेलं आणि मुंब्रा बायपासजवळ गाडीतच त्याला गोळी लागून तो मेला. गुन्ह्याचा आरोप भयंकर होता, चिमुकल्या मुलींचा प्रश्न होता, राग येणं साहजिक होतं. पण लोकांनी पेढे वाटले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांचा अहवाल आला, त्यात पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या म्हणण्यावर शंका घेतली गेली. त्याआधी ६ डिसेंबर २०१९ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाण दिनी, हैदराबादजवळ चार आरोपी पोलिसांच्या गोळीने मेले. तिथे पोलिसांवर फुलं उधळली गेली. न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये ती चकमक खरी नसल्याचं सांगितलं. बंधूंनो, दुसऱ्याच्या दारावर लाथ पडते तेव्हा टाळ्या वाजवल्या, तर आपल्या दारावर पडेल तेव्हा कोणत्या तोंडाने संविधान दाखवणार? जो पोलीस बदलापूरला न्यायाधीश होतो तोच परभणीतही होतो. रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबारात दहा माणसं गेली, तेव्हाही ‘जमाव हिंसक होता’ हेच कारण सांगितलं गेलं होतं. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. बारा वर्षं लागली.

पोलीसही माणूस आहे. त्यात आपलीही पोरं आहेत, बारा-बारा तास बंदोबस्तात उभी राहणारी. भांडण त्यांच्याशी नाही. वस्ती पाहून बळाचं माप बदलतं, भांडण त्या सवयीशी आहे. उंच इमारतीत अटक करायला जाताना खाली वॉचमनला विचारतात, लिफ्टने जातात, बेल वाजवतात. आमच्याकडे बेल नाही, म्हणून काय लाथ?

मग करायचं काय? नीट ऐका, भगिनींनी विशेष ऐका, कारण अशा वेळी घरात बहुतेक वेळा तुम्हीच असता. पोलीस आले तर अडवू नका, अंगावर जाऊ नका, पण गप्पही राहू नका. नाव आणि पोलीस ठाणं विचारा. अटक का, ते लेखी मागा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं आहे की अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची. अटकेच्या कागदावर सही करण्याआधी वेळ आणि तारीख वाचा. वैद्यकीय तपासणी होते, तिथे डॉक्टरला आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांना मार लागला असेल तर स्पष्ट सांगा. तिथे भीतीने ‘काही तक्रार नाही’ म्हटलं की पुढचं सगळं अवघड होतं. अनुसूचित जातीच्या माणसाला, स्त्रीला आणि कोठडीतल्या कुणालाही १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. १५१०० हा क्रमांक आजच घरात भिंतीवर लिहून ठेवा.

आणि तरुणांनो, तुम्हाला एकच सांगणं. हातात दगड घेतला की कोम्बिंगला निमित्त मिळतं, आणि लाथ बसते ती दगड मारणाऱ्याच्या नाही, शेजारच्या म्हातारीच्या दारावर.

समितीपुढे आमची एक मागणी आहे. विहारात एक वही ठेवा. तीत दोन वकिलांचे आणि रात्री उठून पोलीस ठाण्यात जाऊ शकतील अशा चार माणसांचे नंबर असोत. त्या चारांत दोन बाया असाव्यात. कुणाच्याही दारावर थाप पडली, आपल्या माणसाच्या किंवा दुसऱ्या समाजाच्या, तर हे चार जण तिथे जाऊन नुसते उभे राहतील. साक्षीला माणसं उभी असली की हात आपोआप आवरतो, हा चाळीतला अनुभव आहे. या कामाला पैसा लागत नाही, झोप मोडावी लागते. पहिलं नाव आमचं लिहा.

एवढं बोलून आम्ही थांबतो.

जयभीम! जय संविधान! नमो बुद्धाय!